कुंडल रोडचा माळ, लोखंडी नांगर आणि बिनव्याजी दहा हजार : उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची ओळख

पुणे-मिरज रेल्वेने येताना पलूस तालुक्यात एक स्टेशन लागते, किर्लोस्करवाडी. पलूसला यायचे म्हटले की आपण याच स्टेशनावर उतरतो. बाहेर येऊन रिक्षा किंवा एसटी पकडतो आणि घरी जातो. पण या स्टेशनाचे नाव कधीकाळी 'कुंडल रोड' होते आणि आजूबाजूला निवडुंगाशिवाय काही नव्हते, हे आपल्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

मोठा उद्योगपती म्हटले की आजच्या पोरांच्या डोळ्यांसमोर गाड्यांचा ताफा, खासगी विमान आणि मोबाइलवरची रील येते. त्यात नवल नाही, दिसते तेच मनात भरते. म्हणूनच आपल्याच तालुक्यात ज्याने उद्योग उभा केला, त्या माणसाची माहिती एका ठिकाणी द्यावी असे आम्हाला वाटले. पंप दुरुस्ती, मोटार वायंडिंग, वेल्डिंग, गॅरेज यांवर आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते. त्या कामाचे एक मूळ याच माळावर आहे.

जन्म, शिक्षण आणि पहिली नोकरी

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. 'संगीत सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. घरात पैसा बेताचा आणि वडील वेदांताच्या अभ्यासात रमलेले. लक्ष्मणरावांचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत.

चित्रकार व्हायचे म्हणून त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तिथे लक्षात आले की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळ्या माणसाने चित्रकार कसे व्हायचे? त्यांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. यंत्रे खोलून पुन्हा जोडण्याचा हात तिथे बसला.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला थोरले भाऊ रामूअण्णा यांच्याकडे परत आले.

सायकलपासून नांगरापर्यंत

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान होते. घराणे १८८८ हे साल आपल्या उद्योगाची सुरुवात मानते. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची, असा सगळा कारभार.

पण भोवतीचा मुलूख शेतकऱ्यांचा. सायकल घेणारे मोजके, बैल पाळणारे घरोघर. म्हणून लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापायचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

याचे महत्त्व शेतीतल्या माणसाला लगेच कळेल. लाकडी नांगर जमीन नुसती ओरखडतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथी करतो आणि हरळी-कुंदा मुळासकट वर काढतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हा फरक फार मोठा होता. तरी नांगर खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत तेव्हा पसरलेली. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. या काळात लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून हिणवले नाही. नांगर सुधारत राहिले आणि रानात नेऊन दाखवत राहिले.

कुंडल रोडचा माळ

धंदा जरा रांगेला लागतोय तोवर नवे संकट आले. बेळगाव नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी होती आणि कारखाना हलवणे भाग पडले. १९१० उजाडले तेव्हा लक्ष्मणरावांकडे यंत्रे होती, माणसे होती, पण पाय टेकायला जमीन नव्हती.

मदत केली ती औंध संस्थानाच्या राजांनी. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्येच गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार आणि कलेचे मोठे जाणकार. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जागा दिली आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. त्या कर्जावर व्याज घेतले नाही.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. बिनव्याजी कर्ज म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्याला कर्ज-ए-हसना म्हणतात. गरजवंताला द्यावे, वर काही मागू नये आणि घेणाऱ्याने ते इमानाने फेडावे. राजाचा धर्म वेगळा, कारण वेगळे. पण व्यवहार तोच आणि त्याचे फळ आज शंभर वर्षांनंतरही डोळ्यांसमोर उभे आहे. आपल्या जमातीत, पतपेढीत, नात्यागोत्यात एखाद्या होतकरू मिस्त्रीला अशी रक्कम देताना आपण दहा वेळा मागे-पुढे पाहतो. त्याच मिस्त्रीच्या लग्नाला मंडप मोठा हवा म्हणून मात्र कर्ज काढायला लावतो. याचा विचार झाला पाहिजे.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस. माळावर निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. सुरुवातीला सुमारे २५ कामगार आपल्या कुटुंबांसह राहायला आले. विलायतेत लिव्हर आणि कॅडबरी यांनी कामगारांसाठी वसाहती वसवल्या होत्या, त्यांची माहिती लक्ष्मणरावांनी वाचली होती. नुसता कारखाना नको, गाव हवे, हे त्यांच्या डोक्यात पक्के होते. घरे, शाळा, पाणी, बाग अशी एक-एक गोष्ट उभी राहिली.

माणसे कशी निवडली

किर्लोस्करवाडी ज्यांच्या जोरावर उभी राहिली ती माणसे कागदावर फारशी भारी नव्हती. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार पाहिला. शंभूराव जांभेकर हे हरहुन्नरी कारागीर. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळत. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली, पण यंत्राची नवी कल्पना त्यांच्याच डोक्यातून निघायची. के. के. कुलकर्णी परीक्षेत अपयशी ठरलेले, ते पडेल ते काम करणारे व्यवस्थापक बनले.

शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीवर ठेवले. ज्याला लोक दार उघडत नाहीत, त्याच्याच हाती दाराची राखण दिली. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, असाही त्यांचा नियम होता. शंभर वर्षांपूर्वीच्या सातारा-सांगली भागात ही गोष्ट सोपी नव्हती.

युद्ध, टंचाई आणि वाढ

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे घटले, मागणी वाढली. पण लोखंड, कोक, रंग यांचीही चणचण झाली. कोक मिळेना तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या, असे आपल्या भागात आजही सांगितले जाते.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरासोबत उसाचे चरक, शेंगा फोडायचे यंत्र, हातपंप असा माल निघू लागला. १९२६ च्या सुमारास इथे सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. विहिरीवरची मोट मागे पडायला सुरुवात झाली ती अशा पंपांमुळे. आज पलूस-तासगाव भागातली द्राक्षे आणि कृष्णाकाठचा ऊस पाहताना त्या पंपाची आठवण ठेवायला हवी.

त्याच १९२० साली पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कंपनीची जाहिरात म्हणून निघालेले हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. माळावरच्या या गावातून निघणारी मासिके महाराष्ट्रभर घराघरांत वाचली गेली.

आग आणि त्यानंतर

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण होता म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरेदारे जाळली गेली. त्या लाटेत किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. ज्यांनी काही केले नव्हते, त्यांनी त्याची किंमत मोजली. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांकडे बोट दाखवले की काय होते, हे आम्ही वेगळे सांगायची गरज नाही.

लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना सोडून कायमचे निघून जाणे सोपे होते. तसे झाले नाही. राख झाडली आणि काम पुन्हा सुरू झाले. तो कारखाना आजही पंप बनवतो. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

पुढची पिढी

मुलगा शंतनुराव (१९०३-१९९४) अमेरिकेच्या एमआयटीतून शिकून १९२६ मध्ये परतले. हरिहरला यंत्रांचा कारखाना (१९४१), पुण्यात ऑइल इंजिन आणि बंगळुरूत विजेच्या मोटारी (दोन्ही १९४६), पुढे कमिन्सशी भागीदारी, असा पसारा त्यांच्या काळात वाढला. ते बोलायला रोखठोक होते आणि सरकारच्या परवाना पद्धतीवर उघड टीका करायचे. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात त्यांनी निवडुंग आणि गुलाब एकत्र आणले. वाडीचा माळ ते विसरले नव्हते.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला. घराण्यातल्या भावांचा वाद कोर्टात गेला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मध्यस्थीने मिटवावा, असे सुचवले. वारसा सांभाळणे हे उभारण्याइतकेच अवघड असते, हे भाऊबंदकी पाहिलेल्या प्रत्येक घराला कळते.

दुसरे टोक

आता थाटामाटाच्या उद्योगपतीकडे एक नजर टाकू. विजय मल्ल्या यांचा जन्म १९५५ चा. वडिलांच्या निधनानंतर १९८३ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आत, मद्याचा मोठा व्यवसाय हाती आला. बोटी, रेसच्या गाड्या, क्रिकेट संघ, पार्ट्या, सगळ्यात ते पुढे. लंडनच्या लिलावात त्यांनी टिपू सुलतानची तलवार विकत घेतली, तेव्हा आपल्याही अनेकांची छाती फुगली होती. नंतर ती तलवार देऊन टाकल्याचे समोर आले.

२००५ मध्ये त्यांची किंगफिशर विमानसेवा सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली. कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले. बँकांचे व्याजासह सुमारे ९,००० कोटी अडकले. मार्च २०१६ मध्ये मल्ल्या देशाबाहेर गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये कोर्टाने त्यांना फरार आर्थिक गुन्हेगार ठरवले. मालमत्तेतून १४,००० कोटींहून अधिक रक्कम बँकांना परत मिळाल्याचे सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत सांगितले. घेतले त्याहून जास्त वसूल झाले, असा मल्ल्या यांचा दावा आहे. न्यायनिवाडा कोर्ट करेल. पण ज्या घरात पगार आला नाही, त्या घराचे ते महिने कोण परत करणार?

एकाने हजारो कोटी व्याजाने घेतले, दुसऱ्याने दहा हजार बिनव्याजी. एकाचे नाव विमानावर होते, ते उतरले. दुसऱ्याचे नाव रेल्वे स्टेशनाच्या पाटीवर आहे, ते आजही तिथेच आहे.

आमचे म्हणणे

शंभरातला एखादाच किर्लोस्कर होतो, हे आम्ही जाणतो. पण माळावर निवडुंग असताना ज्यांनी घर थाटले ते पंचवीस कामगारही तितकेच महत्त्वाचे. शाळा सुटलेला पोरगा, हात बसलेला मिस्त्री, एकदा चुकून सावरलेला तरुण आपल्या मोहल्ल्यातही आहे. त्याला डिग्री नसेल, पण हुन्नर आहे. त्याला रिंच-पाना घ्यायला चार पैसे बिनव्याजी देणारा कोणी हवा आणि पहिला माल खपेपर्यंत दोन वर्षे धीर धरणारे घर हवे.

पुढच्या वेळी किर्लोस्करवाडीला उतराल तेव्हा मुलांना पाटी दाखवा आणि ही गोष्ट सांगा. रिक्षा दोन मिनिटे थांबेल.