सागाकडून चीडकडे : पुण्यातील वृक्षभ्रूणांचा इतिहास

कोरड्या माळापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत महाराष्ट्रात चीडचे नैसर्गिक वन कुठेही नाही. तरीही या हिमालयीन सूचिपर्णी वृक्षाच्या भ्रूणांवर मोलाचे काम झाले ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत.

या कामाची सुरुवात सागापासून झाली. खोड सरळ आहे का, लाकूड कसदार आहे का, हे कळायला कित्येक वर्षे जातात. तोवर झाडाच्या ऊतींची नवे रोप घडवण्याची क्षमता मंदावलेली असते. पारख होते जुन्या झाडाची, पण काचनळीत सहज वाढते ती कोवळी ऊती. वृक्षांच्या ऊतीसंवर्धनातला हाच सर्वांत कठीण पेच. प्रमोद गुप्ता, ए. एफ. मस्कारेन्हास, व्ही. जगन्नाथन आदींनी १९८० मध्ये जुन्या सागांपासूनही रोपे मिळवून दाखवली. पुढे गुप्ता अमेरिकेत डॉन डर्झन यांच्याबरोबर काम करू लागले. तिथे १९८५ मध्ये या दोघांनी मांडलेले डीसीआर हे पोषणमाध्यम पाइनवर्गीय वृक्षांसाठी जगभर वापरले गेले.

त्याच वर्षी स्वीडनमध्ये हाकमन आणि फॉन आर्नोल्ड यांनी नॉर्वे स्प्रूसच्या कोवळ्या भ्रूणांपासून कायिक भ्रूण, म्हणजे फलनाशिवाय शरीरपेशींपासून घडणारे भ्रूण, मिळवले. या पद्धतीची किल्ली संप्रेरकांत आहे. ऑक्सिन आणि सायटोकायनिन मिळत असेपर्यंत पांढरट, चिकट भ्रूणजनक ऊती नुसती वाढत राहते. ती दोन्ही काढून ॲबसिसिक आम्ल दिले आणि पाण्याची उपलब्धता कमी केली, की भ्रूण पक्व होऊ लागतात, प्रथिने व मेद साठवतात आणि अकाली रुजत नाहीत. बीजात निसर्ग हेच घडवतो. प्रयोगशाळेत तो क्रम बाहेरून चालवावा लागतो. ही ऊती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सियसला, कोवळी राखता येते. दरम्यान तिच्यापासून झालेली झाडे रानात जोखता येतात. वरच्या पेचावर यापेक्षा समाधानकारक उत्तर क्वचितच सापडेल.

पुण्यात रजनी नाडगौडा यांच्या गटाने हीच वाट चीडसाठी धरली. कोवळ्या भ्रूणांपासून कायिक भ्रूणनिर्मितीचा त्यांचा अभ्यास, फॉन आर्नोल्ड यांच्या सहभागाने, २००० मध्ये प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये भ्रूणजनक ऊतीच्या अतिशीत जतनाचा.

जनुकांतरणाला सूचिपर्णी वृक्षांनी बराच काळ दाद दिली नव्हती. १९९१ मध्ये लार्च आणि १९९३ मध्ये व्हाइट स्प्रूस यांची परजनुकीय रोपे मिळाली. चीडची पाळी २००६ मध्ये आली. वर्षा परशरामी, नाडगौडा आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी बियांतील पक्व भ्रूणांवर डीएनए लावलेल्या सूक्ष्म धातुकणांचा मारा केला आणि परजनुकीय रोपे वाढवली. घातलेल्या जनुकांपैकी एक तणनाशक सहन करण्याचे होते. त्याच्या आधारे जनुक स्वीकारलेल्या ऊती इतरांतून निवडता आल्या.