पायाच्या नखातील बुरशी आणि मधुमेह : एका दुर्लक्षित दुखण्याचा इतिहास

१/११
इन्सुलिनने मधुमेहींना मरणाच्या दारातून परत आणले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु वाचलेल्या त्या माणसांपैकी अनेकांना पुढे पाय गमवावे लागले आणि काही वेळा त्याची सुरुवात एका पिवळ्या, जाड झालेल्या नखापासून झाली. हा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

२/११
मधुमेहाच्या संदर्भात पाय आणि नखे यांचा उल्लेख प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वलक्षणे सांगताना तळहात-तळपायांचा दाह आणि नखांची वाढ यांची नोंद येते. ही नोंद बुरशीची नव्हे. पण या रोगात पायांकडे पाहावे लागते, हे त्या वैद्यांच्या ध्यानात आले होते.

३/११
बुरशीमुळे माणसाला रोग होतो, ही कल्पना १९व्या शतकातील. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी याने १८४१च्या सुमारास डोक्यावरील खवड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दाखवली. तोवर अशा विकारांचे खापर दूषित रक्तावर किंवा शरीरातील दोषांवर फोडले जात असे.

४/११
१८५३ साली जर्मनीतील गेऑर्ग माइसनर या विशीतल्या तरुणाने नखात बुरशी वाढत असल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फिर्खो याने या विकाराला ‘ऑनिकोमायकोसिस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘ऑनिक्स’ म्हणजे नख आणि ‘मायकेस’ म्हणजे बुरशी.

५/११
याच माइसनरचे नाव शरीरशास्त्रात आणखी एका कारणाने अमर आहे. १८५२ साली रुडॉल्फ वाग्नर यांच्यासोबत त्याने त्वचेतील स्पर्शाची सूक्ष्म ग्राहके वर्णिली. बोटांची टोके आणि तळपाय यांत ती विपुल असतात. मधुमेहात नेमके हेच दोन धागे एकत्र येतात : नखात बुरशी शिरते आणि पायाचा स्पर्श हरपतो.

६/११
ते कसे? दीर्घकाळ वाढलेली रक्तशर्करा मज्जातंतूंना इजा करते, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि रोगप्रतिकार मंदावतो. बुरशीने जाड झालेले नख बुटात खालच्या मांसावर दाबत राहते. निरोगी माणूस दुखले की बूट काढतो. मधुमेही माणसाला ते दुखतच नाही. नखाखाली जखम होते, तिच्यात जिवाणू शिरतात आणि रक्तपुरवठा अपुरा असल्याने ती भरून येत नाही.

७/११
मधुमेह आणि पाय सडणे यांचा संबंध फ्रेंच वैद्य मार्शाल द काल्वी याने १९व्या शतकाच्या मध्यावरच मांडला होता. पण त्या काळी अनेक रुग्ण, विशेषतः मुले आणि तरुण, पायाचे दुखणे उद्भवण्याआधीच दगावत. जानेवारी १९२२मध्ये टोरोंटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन दिले गेले आणि चित्र पालटले.

८/११
बॉस्टनचे मधुमेहतज्ज्ञ एलियट जॉस्लिन यांनी १९३४ साली धोक्याची घंटा वाजवली. मधुमेही मूर्च्छेने होणारे मृत्यू घटले होते, गँगरीनचे मात्र वाढत होते. हे दैवाचे देणे नसून टाळता येण्याजोगे संकट आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पाय धुणे, कोरडे ठेवणे, नखे जपून कापणे या साध्या गोष्टींना त्यांनी उपचाराचे स्थान दिले.

९/११
याच सत्यापर्यंत भारतातून दुसरी वाट गेली. वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास करून दाखवले की, बधिर पायाची हानी मुख्यतः न जाणवलेल्या इजांमुळे होते. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे गेल्यावर त्यांचे हे ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठीही कामी आले. वेदना ही शत्रू नसून राखणदार आहे, हा त्यांच्या कार्याचा गाभा.

१०/११
औषधे उशिरा आली. ग्रिझिओफुल्विन १९३९मध्ये एका पेनिसिलियम बुरशीतूनच वेगळे केले गेले. पण पोटातून दिल्यास ते गजकर्णावर चालते, हे ग्लासगोच्या जेम्स जेंटल्स यांनी गिनिपिगांवर दाखवले ते १९५८मध्ये. पायाचे नख पूर्ण उगवायला वर्ष ते दीड वर्ष लागते, म्हणून हे औषधही तितकेच लांबे. १९९०च्या दशकात टर्बिनाफिनने हा काळ साधारण १२ आठवड्यांवर आणला.

११/११
१९९८ साली कॅनडा व अमेरिकेतील ५५० मधुमेहींच्या पाहणीत २६ टक्क्यांच्या नखांत बुरशी सिद्ध झाली. वय व लिंग यांचा विचार करूनही मधुमेहींमध्ये हा विकार असण्याची शक्यता इतरांच्या २.७७ पट भरली. तरीही त्याकडे आजही बहुधा सौंदर्याचा प्रश्न म्हणूनच पाहिले जाते. प्रत्येक पिवळे नख पाय घेऊन जाते असे नाही. पण बधिर पायावरचे नख स्वतःहून तक्रार करत नाही. जिथे स्पर्श मुका झाला आहे, तिथे डोळ्यांनीच पहारा द्यावा लागतो. घरातल्या मधुमेही आजी-आजोबांची पावले रोज उजेडात पाहणे, हा या इतिहासाने शिकवलेला सर्वांत स्वस्त उपचार आहे.