संगणकाचे विरजण

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेची संगणक-खोली आम्ही मध्यंतरी पाहिली. दहा संगणक, त्यांवर शिवून घेतलेली कापडी आवरणे आणि दाराला कुलूप. यंत्रे बिघडलेली नव्हती. त्यांतली विंडोज जुनी झाली होती आणि नवी त्यांच्यावर चालणार नव्हती. गणिताच्या मॅडमनी पेनड्राइव्हवर लिनक्स तयार करून आणले, पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबले. पडद्यावर पुन्हा जुनी विंडोजच हजर! "मॅडम, याला पेनड्राइव्ह दिसतच नाही का?" नववीतल्या एका मुलीने विचारले.

दिसतो, पण आधी कोणाकडे पाहायचे हे संगणकाला कोणीतरी सांगून ठेवलेले असते. कोणी सांगितले, कुठे लिहून ठेवले, आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पाऊणशे वर्षांचा आहे.

मुळात पेच असा. संगणकाला कोणतेही काम करायचे तर स्मृतीत आज्ञावली हवी. ती चकतीवरून स्मृतीत आणायची, तर चकती वाचण्याची आज्ञावली आधी स्मृतीत हवी. आणि वीज गेली की हल्लीची मुख्य स्मृती कोरी होते. दही लावायला आधी चमचाभर दही लागते, तसेच हे. इंग्रजी बोलणाऱ्यांना यावरून स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच वर उचलणारा माणूस आठवला, आणि त्यातून 'बूट करणे' हा शब्द रूढ झाला. आम्हाला विरजण जास्त पटते. बुटाच्या पट्ट्या ओढून कोणी वर जात नाही, दही मात्र खरोखर लागते.

केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये एडसॅक हा संगणक चालू झाला. त्याचे विरजण डेव्हिड व्हीलर यांनी तयार केले होते. अवघ्या ३१ आज्ञा, आणि त्या टेलिफोन केंद्रात वापरतात तसल्या फिरत्या स्विचांमध्ये तारांनी पक्क्या जोडलेल्या. बटण दाबले की त्या स्मृतीत उतरत आणि कागदी पट्टीवरची पुढची आज्ञावली वाचू लागत. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला. १९६२ मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्याची फेराइट कड्यांची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची होती, म्हणजे आजच्या मापाने जेमतेम १० किलोबाइट. अशा कड्यांची गंमत अशी, की वीज गेली तरी लिहिलेले टिकते. नंतर आलेल्या स्वस्त अर्धवाहक स्मृतीने हा गुण गमावला. १९७५ मधला आल्टेअर हा घरगुती संगणक घेणाऱ्याला समोरच्या फळीवरचे खटके वरखाली करून विरजणाची एकेक आज्ञा हाताने भरावी लागे. एक खटका चुकला की पुन्हा सुरुवात.

ही कटकट न पुसणाऱ्या चिपेने मिटवली. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसीत ८ किलोबाइटची आज्ञावली अशा चिपेत भरलेली होती. तिचे नाव बायोस. ती यंत्राची तपासणी करी, मग फ्लॉपी वाचून पाही. फ्लॉपी नसेल तर चिपेतलीच बेसिक भाषा सुरू होई. निवड करण्याजोगे तेव्हा फारसे काही नव्हतेच.

निवड आली १९८४ च्या एटी संगणकाबरोबर. त्यात घड्याळाची एक चिप होती, तिच्यात ६४ बाइटांची चिमुकली स्मृती, आणि यंत्र बंद असतानाही ती जागी ठेवणारी बॅटरी. किती स्मृती बसवली आहे, कोणती चकती आहे, या नोंदी तिथे राहत. पुढे 'आधी कोणाकडे पाहायचे' हा क्रमही असाच जपून ठेवला जाऊ लागला. सीडीवरून सुरुवात करण्याचे नियम १९९५ मध्ये ठरले. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. तिच्या निर्मितीत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. पेनड्राइव्ह २००० मध्ये बाजारात आले, आणि हळूहळू बायोसच्या यादीत त्यांनाही जागा मिळाली.

दरम्यान न पुसणारी चिप पुसता येण्याजोगी झाली. सुधारित बायोस भरायची सोय म्हणून हे चांगले होते. पण २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने जगभरच्या पुष्कळ संगणकांवर घाला घातला. चकतीवरची माहिती तर गेलीच, शिवाय ज्यांची चिप त्याच्या तावडीत सापडली त्यांचे विरजणच नासले. ती यंत्रे सुरूच होईनात. यानंतर पाचच दिवसांनी, १ मे १९९९ रोजी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. वर्ष लक्षात राहावे म्हणून सांगितले.

बायोसची दुसरी अडचण वयाची होती. तिच्या जोडीची चकती-विभागणीची पद्धत २ टेराबाइटांपुढे जाऊ शकत नव्हती. इंटेलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस नवी रचना सुरू केली, आणि २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मंचाने ती यूईएफआय या नावाने चालवली. बायोस चकतीचे पहिले ५१२ बाइट उचलून त्यांतल्या आज्ञांवर डोळे झाकून विश्वास टाकी. यूईएफआयला फाइली वाचता येतात, ती ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल शोधते. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' सर्वत्र आले. फाइलीवर ओळखीची सही नसेल तर ती चालवायचीच नाही, असा हा पहारा. चोराला रोखायला हे उत्तम. पण ओळखीच्या सह्यांची यादी बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या हातची असते. लिनक्सवाल्यांनी मग मायक्रोसॉफ्टचीच सही घेतलेली एक छोटी आज्ञावली पुढे ठेवून वाट काढली. युक्ती चालते, पण आपल्या घरात शिरायला दुसऱ्याची चिठ्ठी लागावी, हे आम्हाला आजही खटकते.

आता शाळेकडे वळू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, ती या यंत्रांत नव्हती. मॅडमनी आधी मुलांच्या फाइली आणि निकालपत्रके दुसरीकडे उतरवून घेतली. (लिनक्स बसवताना चकती पुसली जाऊ शकते, हे विसरून चालत नाही.) मग बटण दाबताच एफ २ ही कळ भराभर दाबली. काही यंत्रांना डिलीट चालते, काहींना एफ १०. निळा पडदा आला, बूट-क्रमात यूएसबी वर नेली, एफ १० ने बदल जपले. लिनक्स सुरू झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गाआधी वीज गेली. ती आल्यावर एका यंत्रात पुन्हा जुनाच क्रम, आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे! तारीख पाहून नववीतली तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, याचा सेल संपलाय." आत रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल होता, सीआर २०३२. गावातल्या घड्याळाच्या दुकानात तो मिळाला. आणखी दोन यंत्रांत पेनड्राइव्ह दिसे पण सुरू होत नसे. ती बायोसच्या जुन्या पद्धतीवर ठेवलेली होती आणि पेनड्राइव्ह यूईएफआयसाठी बनवलेला. नवा बनवल्यावर तीही चालली.

दहापैकी नऊ यंत्रांवरची आवरणे निघाली. दहाव्यात निळ्या पडद्याच्या आधीच सांकेतिक शब्द विचारला जातो. तो यंत्र बसवणाऱ्याने घातला होता, शाळेच्या कोणत्याच नोंदवहीत तो लिहिलेला नाही. त्यातला सेल काढून पाहिला, उपयोग झाला नाही. मॅडमनी पुरवठादाराला पत्र पाठवले आहे.