अल्जिअर्सवरील तोफमारा (मुद्राचित्र)

अ‍ॅक्वाटिंट पद्धतीने छापून हाताने रंगवलेले इंग्रजी मुद्राचित्र. मूळ चित्र टॉमस व्हिटकूमचे, तांब्याच्या पत्र्यावरील काम टॉमस सदरलंडचे. ब्रिटिश नौदलाच्या १७९३ पासूनच्या पराक्रमांवर जेम्स जेंकिन्सने लंडनमध्ये काढलेल्या चित्रग्रंथातील हे एक पान आहे.

प्रसंग २७ ऑगस्ट १८१६ चा. उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती गुलामांचा प्रश्न चिघळत होता. त्यातच मे महिन्यात अल्जिअर्सच्या अमलाखालील बोना या बंदरात पोवळी काढणाऱ्या कोळ्यांची कत्तल झाली. लॉर्ड एक्समथचे ब्रिटिश आरमार आणि व्हान कापेलेनच्या डच फ्रिगेटी अल्जिअर्सवर चालून गेल्या. एक्समथने आपले शंभर तोफांचे ‘क्वीन शार्लट’ हे जहाज धक्क्याला जवळजवळ खेटून नांगरले. दुपारी तीनच्या सुमारास सुरू झालेला मारा रात्रीपर्यंत चालला. ब्रिटिशांचे १२८ आणि डचांचे १३ लोक ठार झाले. अल्जिअर्सचा शासक ओमर याने अटी मान्य केल्या आणि हजारांहून अधिक गुलाम सुटले.

याच आरमारात ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे जहाज होते. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडात बांधलेले हे जहाज १८१० मध्ये पाण्यात उतरले होते.

अ‍ॅक्वाटिंटमध्ये पत्र्यावर राळेची बारीक पूड भुरभुरून पत्रा तापवतात, म्हणजे कण जागीच चिकटतात. पांढरा राखायचा भाग वॉर्निशने झाकून पत्रा आम्लात सोडला की कणांमधील फटी खोदल्या जातात आणि पुढे शाई धरतात. मग थोडा भाग झाकायचा, पुन्हा आम्लात सोडायचे. जो भाग जास्त वेळ राहील तो अधिक गडद उमटतो. भिंगाखाली या छटांची दाणेदार जाळी स्पष्ट दिसते. तोफांच्या धुराचे एकमेकांत मिसळणारे लोट दाखवायला याहून सोयीची पद्धत त्या काळी क्वचितच असेल.

चित्र समुद्राकडून पाहिलेले आहे, आणि त्याची मर्यादा नेमकी इथेच आहे. पराक्रमाच्या या ग्रंथात जहाजे नायक आहेत आणि शहर म्हणजे नुसते लक्ष्य. तटाआड, घरांत, गल्ल्यांत काय घडले हे अशा चित्रातून कळत नाही. त्या रात्रीचा पुरावा म्हणून ते एकट्याने पुरेसे मानू नये.

हाच प्रसंग डच चित्रकार मार्टिनस स्खाउमन याने १८२३ मध्ये, तर जॉर्ज चेंबर्स याने १८३६ मध्ये ग्रीनिच रुग्णालयासाठी तैलरंगात रंगवला.