रापणीपासून पर्ससीनपर्यंत

सिंधुदुर्गातल्या पिंगुळी-कुडाळच्या बाजारात येणारी मासळी पिढ्यान्‌पिढ्या मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून आली. तिथली जुनी पद्धत रापणीची. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पन्नासेक माणसांनी ओढायचे. बांगडा, तारली वाळूवर आली की वाटे पडत. जाळे, होडी आणि ओढणारे हात, सगळ्यांचा वाटा ठरलेला असे. किनाऱ्यालगतचेच पाणी वापरणारी ही पद्धत खोल समुद्रातल्या साठ्याला हात लावत नव्हती.

यांत्रिक ट्रॉलर आणि पुढे पर्ससीन जाळी (थव्याला वेढून तळाशी आवळली जाणारी) आल्यावर उत्पादन वाढले, पण रापणीच्या वाट्याला येणारा मासा आटला. राज्याने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला, १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तर फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचे परवाने आणि हंगाम मर्यादित केले. २०२१ मध्ये दंडही वाढला.

तरी राज्याची हद्द बारा सागरी मैलांपर्यंतच. बांगड्याचे थवे गोवा-कर्नाटकच्या पाण्यातही फिरतात, परप्रांतीय नौकाही इकडे येतात. त्यामुळे पावसाळी बंदीसारखा सामायिक नियमच उपयोगी पडतो. आशियाई उत्पादकता संघटनेने (स्थापना १९६१, भारत संस्थापक सदस्य) १९९४ मध्ये ‘हरित उत्पादकता’ कार्यक्रम हाती घेतला, त्यामागचा आणि अशा नियमांमागचा विचार एकच: उत्पादन वाढवताना त्याचा आधार असलेला निसर्ग राखायचा. सिंधुदुर्गात या विचाराची खरी कसोटी कायद्याच्या मजकुरात नाही, गस्तीत आहे. आणि रापणकरांची जुनी तक्रार नेमकी तिच्याबद्दलच आहे.