मोजलंच नाही, तर उपचार कशाचा? मुक्तिसंग्रामाच्या आठवणींपासून दवाखान्याच्या कागदापर्यंत

दरवर्षी 17 सप्टेंबरला नांदेडच्या विसावा उद्यानात झेंडावंदन होतं. हुतात्म्यांची नावं घेतली जातात, घ्यायलाच पाहिजेत. पण दरवर्षी मला त्या दिवशी माझी आजी आठवते. माझं आजोळ औशाकडचं. रझाकारांचा विषय निघाला की आजी एवढंच सांगायची, "पोरीबाळींला बळदात घातलं व्हतं." मी विचारायचो, "आणि ज्या बळदात नव्हत्या त्यांचं?" आजी उठून चुलीकडं जायची. या प्रश्नाचं उत्तर तिनं शेवटपर्यंत दिलं नाही.

हे फक्त माझ्या घरचं नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी असंच काहीतरी अर्धवट ऐकलेलं असेल. कासीम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या रझाकारांनी गावागावांत काय केलं ते आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. पोलीस ॲक्शननंतर जे झालं ते मात्र आपण हळू आवाजात सांगतो, किंवा सांगतच नाही. 1948 च्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचं पथक भारत सरकारच्या सांगण्यावरून या भागात फिरलं. सगळ्यात जास्त झळ बसलेले म्हणून त्यांनी जे चार जिल्हे नोंदवले त्यात नांदेड आहे आणि उस्मानाबाद आहे. आजचा लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. संस्थानभरात किमान 27 ते 40 हजार माणसं मेली असावीत असा त्यांचा अंदाज. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

आता मुद्दा बघा. मेलेल्यांचा निदान अंदाज तरी आहे. बायकांवरच्या बलात्कारांचा आणि पळवून नेण्याचा उल्लेख अहवालात आहे, आकडा नाही. रझाकारांनी ज्या बायकांवर हात टाकला त्यांचाही आकडा नाही. बाई कोणत्याही धर्माची असो, तिची मोजदाद कुणीच केली नाही. नंतर त्या कशा जगल्या, कुणाला आजार जडला, कुणाला दिवस गेले, कुणी विहीर जवळ केली, हे विचारायला ना डॉक्टर गेला ना तलाठी.

मी इतिहासाचा वाचक आहे, डॉक्टर नाही. पण या विषयावर वाचत गेलो तसं लक्षात आलं की लैंगिक हिंसा हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे समजायला सगळ्या जगालाच फार उशीर लागला. जागतिक आरोग्य सभेनं हिंसाचार हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा ठराव केला 1996 मध्ये. डॉक्टरांनी अशा रुग्णाची तपासणी आणि उपचार कसे करावेत याची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका आली 2003 मध्ये. तोपर्यंत हा विषय पोलीस आणि कोर्टाचा होता. दवाखान्याचं काम काय, तर पुरावा लिहून देणं.

आणि तो पुरावा कसा लिहिला जायचा, त्याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे.

26 मार्च 1972. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आजचा गडचिरोली. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. देश या खटल्याला मथुरा प्रकरण म्हणून ओळखतो. डॉक्टरांनी मुलीचं वय 14 ते 16 च्या दरम्यान लिहिलं. अंगावर जखम नाही असं लिहिलं. आणि दोन बोटांच्या चाचणीचा निष्कर्ष लिहिला. झालं! 1974 मध्ये सत्र न्यायालयानं 'हिला सवय होती' असं म्हणत आरोपींना सोडलं. 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. घाबरून गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, हे या खंडपीठाला कळलं होतं. पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना परत निर्दोष सोडलं. कारण पुन्हा तेच, जखमा नाहीत, आरडाओरडा नाही.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, शरण जाणं वेगळं आणि संमती वेगळी. मुंबईसह देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईनं संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयानं तसं गृहीत धरायचं, हे त्यातून आलं. तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोटी पाडण्याची सोय मात्र पुराव्याच्या कायद्यातून 2003 मध्ये गेली. त्या पत्रानंतर जवळजवळ पाव शतकानं!

कायदा बदलला, पण दवाखान्यातला फॉर्म तोच राहिला. इथं संशोधनाचं काम आलं. 1989 मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायकांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्यासाठी आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तो अभ्यास हिंसेचा नव्हता. पण 'आमच्याकडं बायका काही सांगतच नाहीत' या सबबीचं उत्तर त्यात होतं. गावात जाऊन नीट विचारलं तर बायका सांगतात.

मुंबईत 'सेहत' या संस्थेनं 2000 च्या सुमारास महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभं केलं. पुढं 2008 पासून लैंगिक हिंसेच्या रुग्णांसाठी तपासणी, उपचार आणि समुपदेशन एकत्र देण्याची पद्धत बसवली. त्यांच्या नोंदींतून दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो. आणि अंगावर जखम अनेकदा नसतेच. म्हणजे 1972 मध्ये ज्या कारणानं एक मुलगी खोटी ठरली, ती खरं तर नेहमी दिसणारी गोष्ट होती.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजीत खांडेकर यांनी 2010 मध्ये या तपासण्या किती वाईट होतात यावर सविस्तर अहवाल लिहिला. त्याच्या आधारावर नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन बोटांची चाचणी बाईच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. 2014 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या. 31 ऑक्टोबर 2022 ला न्यायालयाला परत सांगावं लागलं की ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. मथुरा प्रकरणापासून मोजा, 50 वर्षं झाली.

हे सगळं आज नांदेड-लातूरला कशाला सांगायचं? कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात 18 ते 49 वयाच्या 6 टक्के बायकांनी कधी ना कधी लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडं तरी मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के. बाकीच्या माझ्या आजीसारख्या चुलीकडं निघून गेल्या.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. अशी वेळ कुणावर आली तर कोणताही दवाखाना, सरकारी असो की खासगी, उपचार नाकारू शकत नाही. पैसेही मागू शकत नाही. नाकारणं गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. 'आधी पोलीस स्टेशनला जाऊन या' असं म्हणून परत पाठवता येत नाही. पोलिसांना कळवणं हे दवाखान्याचं काम. तपासणी तिच्या संमतीनंच होते. एचआयव्ही टाळण्याचं औषध 72 तासांच्या आत आणि गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांच्या आत घ्यावी लागते, जितकी लवकर तितकी चांगली. गाव तालुक्यापासून लांब असेल तर हे तास फार भराभर जातात. इज्जतीची चर्चा घरात नंतर करा, आधी गाडी काढा. महिलांसाठी 181, लहान मुलांसाठी 1098, तातडीसाठी 112.

आणि एक विनंती. घरात ऐंशी-नव्वदीच्या आज्या, नानी, दादी असतील तर त्यांच्याजवळ बसा. हिंदू असोत, मुसलमान असोत, दलित वस्तीतल्या असोत. त्यांना 1948 विचारा. सांगितलं तर नाव न घालता लिहून ठेवा. नाही सांगितलं तर खोदू नका. मी माझ्या आजीला तोच प्रश्न तीन-चारदा विचारला. आज वाटतं, एकदा विचारून नुसतं तिच्याशेजारी चुलीजवळ बसलो असतो तर बरं झालं असतं.