अज्ञात वाहन

मराठी वृत्तपत्रांत 'अज्ञात वाहनाच्या धडकेत एक ठार' या मथळ्याखाली चार ओळींत संपणाऱ्या बातमीतील 'अज्ञात' हा शब्द कायद्याच्याही केंद्रस्थानी आहे. मोटार वाहन कायद्यानुसार, वाजवी प्रयत्न करूनही ज्या अपघातातील वाहनाची ओळख पटत नाही, तोच 'हिट अँड रन'. म्हणजे चालक पळाला तरी गाडीचा क्रमांक मिळाला, तर भरपाईच्या दृष्टीने तो अपघात या व्याख्येत बसत नाही. पळून जाणाऱ्याला शिक्षा आणि मागे राहिलेल्याला भरपाई या दोन गोष्टींचा इतिहास त्यामुळे वेगवेगळ्या वाटांनी घडला, आणि त्यांपैकी दुसरी वाट फार उशिरा आखली गेली.

शिक्षेची वाट मोटारीहून जुनी आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 279 ने सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली, तेव्हा डोळ्यांसमोर घोडागाड्या होत्या. हयगयीने मृत्यूस कारण होण्याचा गुन्हा मेकॉलेने केलेल्या या संहितेच्या 1837 च्या मसुद्यात होता, तो 1860 मध्ये गळला आणि 1870 मध्ये कलम 304-अ म्हणून परत आला. त्याची कमाल शिक्षा दोन वर्षे ठरली, आणि घोडागाड्या जाऊन महामार्गांवर कंटेनर धावू लागले तरी 30 जून 2024 पर्यंत ती तेवढीच राहिली. पळून जाणे हा मात्र या संहितेत वेगळा गुन्हा नव्हता. अपघातानंतर थांबण्याचे बंधन 1914 च्या मोटार कायद्याने घातले, 1939 च्या कायद्याने ते विस्तारले, आणि 1988 च्या कायद्यातील कलम 134 ने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना जास्तीत जास्त 24 तासांत खबर देणे हे चालकाचे कर्तव्य ठरवले. याच कलमात, जमावाच्या क्षोभामुळे मदत करणे शक्य नसल्यास चालकाला सूट आहे. संतप्त जमावाच्या मारहाणीचे भय खरे असते, हे कायद्याने मान्य केले ते योग्यच. परंतु कर्तव्य मोडल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच तरतूद होती, आणि 2019 पर्यंत ती तशीच राहिली, हे कोणत्याही भयाने समर्थनीय ठरत नाही.

भरपाईचा प्रश्न अधिक बिकट होता. 1939 च्या कायद्याने त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी, म्हणजे गाडीच्या मालकाखेरीज इतरांच्या हानीसाठी, विमा सक्तीचा केला आणि 1946 पासून ती सक्ती अमलात आली. पण दावा लावायला मालक हवा, विमा कंपनी हवी, निदान क्रमांक तरी हवा. फिर्यादीत आरोपीच्या रकान्यात 'अज्ञात चालक' एवढेच असते, पंचनाम्यात दिव्याच्या काचेचे तुकडे, रंगाचा पापुद्रा आणि टायरच्या घसटीच्या खुणा नोंदवल्या जातात, आणि त्यांवरून गाडीचा माग लागला नाही, तर कुटुंबाने दाद कोणाकडे मागायची, याला चार दशके उत्तर नव्हते. ते 1982 च्या दुरुस्तीने दिले: सांत्वन निधीतून मृत्यूसाठी 5,000 आणि गंभीर दुखापतीसाठी 1,000 रुपये. 1988 च्या कायद्यात या रकमा 8,500 आणि 2,000 झाल्या, 1994 मध्ये 25,000 आणि 12,500, आणि त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ त्यांत एका रुपयाचीही भर पडली नाही. 1 एप्रिल 2022 पासून नव्या योजनेने त्या 2 लाख आणि 50,000 केल्या.

दरम्यान शिक्षेची वाट एकाएकी कठोर झाली. दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 च्या दुसऱ्या पोटकलमाने, हयगयीने मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला खबर न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. जानेवारी 2024 च्या आरंभी देशभरातील ट्रक आणि टँकरचालकांनी चाके थांबवली, मनमाडजवळच्या पानेवाडी इंधन डेपोंतून टँकर निघेनात, आणि महाराष्ट्रातील पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. केंद्र सरकारने वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केल्याशिवाय हे पोटकलम लागू न करण्याचे आश्वासन दिले, आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता अमलात आली ती ते वगळून.

त्या संपाएवढी चर्चा भरपाईच्या योजनेच्या वाट्याला कधी आली नाही. 2022 मध्ये देशात हिट अँड रनचे 67,387 अपघात नोंदले गेले व त्यांत 30,486 माणसे मेली. 2022-23 या आर्थिक वर्षात मात्र या योजनेखाली केवळ 205 दावे आले आणि त्यांपैकी 95 निकाली निघाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये याची दखल घेऊन, महिनाभरात वाहनाचा शोध न लागल्यास पोलिसांनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना या भरपाईची लेखी माहिती द्यावी, असा आदेश दिला. योजनेनुसार या दाव्याची चौकशी प्रांत किंवा तहसीलदार यांसारखे महसूल अधिकारी करतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, आणि त्यासाठी पळालेला चालक सापडण्याची वाट पाहावी लागत नाही.